महापालिकेने स्मार्ट विजेच्या संशोधनाला पैसे द्यावेत का?

शंभरफुटी
नमस्कार मंडळी. आज सकाळी आमराईत फिरताना आमची चौघांची जुंपली. तिथे निकाल लागला नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

विषय असा. माझा भाचा अमेरिकेत ऑस्टिनला असतो. तिथे पेकन स्ट्रीट नावाची एक संस्था आहे. शहर, शहराची वीज कंपनी आणि टेक्सास विद्यापीठ यांनी मिळून ती उभी केली. जुना विमानतळ बंद झाल्यावर त्या जागेवर म्युलर नावाची वसाहत वसली. तिथल्या शेकडो घरांनी आपणहून मीटरला यंत्रं बसवून घेतली. एसी किती खातो, फ्रिज किती, गाडीचं चार्जिंग कधी होतं, सगळं मिनिटामिनिटाला नोंदलं जातं आणि जगभरचे संशोधक ती आकडेवारी वापरतात.

माझं म्हणणं, आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने समजा अंदाजपत्रकात ५० लाख बाजूला काढले आणि वालचंद कॉलेज किंवा कुपवाड एमआयडीसीतली पोरं यांना सांगितलं की विजेवर काही तरी करून दाखवा, तर काय बिघडलं? आपण स्मार्ट सिटीच्या यादीत नव्हतो. सोलापूर होतं, आपण नाही. म्हणून कायम हात बांधून बसायचं का? आमच्यातले दोघं म्हणाले, महापालिकेचं हे कामच नव्हे. एक जण काहीच बोलला नाही, त्याला चहा हवा होता.

तुम्हाला काय वाटतं?

खड्डेश्वर
आधी खड्डे. मग मीटर.

मिरजतंतू
५० लाखात संशोधन होईल की नाही माहीत नाही, पण बैठकीला भडंग किती येईल याचा हिशेब मी काढून ठेवलाय.

जुना_वायरमन
शंभरफुटी, धागा चांगला काढलात, पण पहिल्या पायरीलाच घसरलात.

ऑस्टिनची वीज कंपनी ऑस्टिन शहराच्याच मालकीची आहे, १८९५ पासून. तारा शहराच्या, मीटर शहराचे, बिल शहराचं. तिथलं कौन्सिल विजेवर संशोधन करा म्हणतं तेव्हा ते स्वतःच्या दुकानाबद्दल बोलत असतं. आपल्याकडे खांबापासून मीटरपर्यंत सगळं महावितरणचं. महाराष्ट्रात ज्या महापालिकेच्या उपक्रमाकडे वीजवाटप आहे अशी एकच, मुंबई. बेस्ट. ती १९४७ साली मुंबई महापालिकेने घेतली, म्हणून तिला आजही त्या धंद्यात बोलता येतं.

आपली महापालिका वीज विकत नाही. ती ग्राहक आहे. तुम्ही-आम्ही जसे ग्राहक तशीच, फक्त मोठी. आता ग्राहकाने वीज कंपनीच्या जाळ्यावर संशोधनाला पैसे देणं म्हणजे एसटीने प्रवास करतो म्हणून गिअरबॉक्सच्या संशोधनाला देणगी देण्यासारखं झालं.

म्हैसूरलाही केंद्राच्या योजनेत स्मार्ट ग्रिडचा, म्हणजे मीटर आणि तारा संगणकाने जोडलेल्या वीजजाळ्याचा, प्रयोग झाला, सुमारे २१ हजार ग्राहकांवर. पण तो तिथल्या वीज कंपनीने केला, महापालिकेने नव्हे.

शंभरफुटी
काका, मान्य. पण मोठा ग्राहक म्हणून तरी काही करता येईल ना?

जुना_वायरमन
ते वेगळं. त्यावर सावकाश लिहितो. आत्ता नातवाला क्लासला सोडायचंय.

ऑस्टिनवासी_कुपवाडकर
अरे वा, आमच्या गावाचं नाव धाग्यात! मी कुपवाडचा, इथे अकरा वर्षं झाली. म्युलरमध्ये राहत नाही, ते परवडत नाही, पण तिथून रोज जातो.

दोन गोष्टी सांगतो. एक तर मोठा पैसा शहराचा नव्हता. केंद्राच्या ऊर्जा खात्याने १ कोटी ४ लाख डॉलर दिले होते, २००८ च्या मंदीनंतर जी मोठी पॅकेजं आली त्यातले. शहराने माणसं दिली, जागा दिली, वीज कंपनीचं सहकार्य दिलं. पैशापेक्षा ते महत्त्वाचं होतं.

दुसरं, त्यातून निघालं काय? एक साधी गोष्ट सांगतो. छतावरचे सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावायचे असं सगळे सांगतात, वर्षभराची वीज त्यातच जास्त मिळते म्हणून. इथल्या घरांच्या आकडेवारीत दिसलं की पश्चिमेकडे तोंड केलेले पॅनेल उन्हाळी दुपार कलताना, म्हणजे सगळे घरी येऊन एसी लावतात तेव्हा, दक्षिणेच्या पॅनेलपेक्षा बरीच जास्त वीज देतात. कागदावर ते गणित करता येतं. पण खऱ्या घरात मोजलं म्हणून लोकांनी ऐकलं.

आता वाईट बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे बर्फाचं वादळ आलं तेव्हा याच स्मार्ट शहरात लाखो लोक दिवसेंदिवस अंधारात होते. मी बायको-पोरांसह गाडीत हीटर लावून बसलो होतो आणि मोबाइल चार्ज करत होतो. पाइपांमधलं पाणी गोठलेलं. सांगलीत मी बरीच वर्षं लोडशेडिंग काढलं, पण इतका हताश कधी झालो नव्हतो. आकडेवारी हातात असली म्हणून वीज येत नाही.

खड्डेश्वर
म्हणजे तिकडेही खड्डेच, फक्त बर्फाने भरलेले.

रजनी_विश्रामबाग
ऑस्टिनवासी, गाडी सुरू ठेवून बंद गॅरेजमध्ये बसला नव्हता ना? त्या वादळात तसे मृत्यू झाल्याचं वाचलं होतं.

ऑस्टिनवासी_कुपवाडकर
नाही ताई, उघड्यावर होतो. आईने फोनवर तेच तीनदा विचारलं होतं.

लेखाशीर्ष
मी नगरपालिकांच्या लेखा विभागात आयुष्य काढलं. महापालिकेत नव्हतो, आणि कुठे होतो ते सांगणारही नाही.

पहिले कायद्याचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. रस्त्यावरची दिवाबत्ती, पाणीपुरवठा ही बंधनकारक. वीज-संशोधनाला अनुदान हे ओढूनताणून ऐच्छिकमध्ये बसवावं लागेल. बसेल. पण बसवताना टिपणी कुणी लिहिली आणि 'लोकोपयोगी' हा शब्द कितीदा आला ते लेखापरीक्षक मोजतो.

आता अनुभव. एका गावात ऊर्जा बचतीच्या प्रयोगाला पैसे द्यायचं ठरलं. विषय 'ऐनवेळचे विषय' मध्ये आला, दोन मिनिटांत मंजूर झाला. दिवाबत्तीच्या पेट्यांमध्ये एक एक डबा बसवायचा, त्याने वीज वाचणार असं सांगण्यात आलं. डबे बसले, फोटो निघाले, हार घातले. सहा महिन्यांनी अहवाल आला. जाडजूड, इंग्रजीत, स्पायरल बाइंडिंग केलेला, रंगीत आलेख. शेवटच्या पानावर लिहिलेलं, बचत २३ टक्के.

मी विचारलं, कशापासून २३ टक्के? आधी किती लागत होती?

कुणालाच माहीत नव्हतं. आधीचं रीडिंग कुणी घेतलंच नव्हतं. पेट्यांना मीटर होते, पण निम्मे बंद पडलेले आणि त्यांची बिलं सरासरीने येत होती. त्या सरासरीतून २३ टक्के वजा केले होते. विनियोग प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं, त्यात एका पैशाची चूक नव्हती. डबे अजूनही कुठल्या तरी गोदामात असतील.

म्हणून शंभरफुटी, तुमचा ५० लाखांचा प्रश्न मला प्रश्नच वाटत नाही. अनुदान देण्याआधी कागदावर काय मागणार, तो प्रश्न आहे.

मिरजतंतू
'कशापासून २३ टक्के' हे मी आता बायकोच्या साडीच्या सेललाही विचारणार.

बेदाणा
लेखाशीर्ष यांना अनुमोदन.

माझं कोल्ड स्टोरेज आहे. (कुठे ते विचारू नका, गिऱ्हाईक इथे वाचतात.) बेदाणा चार-पाच अंशांत ठेवावा लागतो, हंगामात खोल्या छतापर्यंत भरलेल्या असतात. आमच्या खर्चात वीज हीच मोठी. पूर्वी रात्री दहानंतर स्वस्त वीज होती, म्हणून आम्ही रात्री कॉम्प्रेसर दाबून चालवायचो. आता सौर विजेमुळे सगळं उलटं झालंय, दिवसा नऊ ते पाच सवलत आणि संध्याकाळी महाग. घरगुती ग्राहकांनाही टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदणारा) असेल तर जुलै २०२५ पासून दिवसाच्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नाही.

तर मी गेल्या उन्हाळ्यात स्वतःच एक खेळ केला. दिवसा खोली तीन अंशांपर्यंत ओढायची आणि संध्याकाळी पाचनंतर कॉम्प्रेसर बंद. दार उघडलं नाही तर तीन तासांत पारा जेमतेम एक अंश चढला. हमाल आत-बाहेर करत असतील तर दीड-दोन. मालाचीच थंडी साठते, टन टन बेदाणा हीच माझी बॅटरी. वहीत सगळं लिहून ठेवलंय, तारीख, वेळ, तापमान, मीटरचा आकडा.

याला स्मार्ट म्हणायचं का? शहाण्या माणसाची आजी माठातलं पाणी रात्री गच्चीवर ठेवायची, त्यातलाच प्रकार. पण सांगली-तासगावात इतकी स्टोरेजेस आहेत, त्या सगळ्यांचं असं मोजमाप कुणी एकत्र केलं तर वीज कंपनीलाही ते हवं असेल.

यात महापालिकेचा काय संबंध, ते मात्र मला सांगता येणार नाही.

शेवटचा_बाक
इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फायनल इयर, इलेक्ट्रिकल. कॉलेजचं नाव घेत नाही.

५० लाख राहू द्या हो. आमच्या चौघांच्या प्रोजेक्टला सगळं मिळून नऊ हजार खर्च आला, तोही खिशातून. अडलं ते पैशामुळे नाही. आम्हाला एका सार्वजनिक इमारतीचा विजेचा वापर तासातासाला मोजायचा होता. परवानगीचा अर्ज तीन टेबलांवरून फिरला आणि चौथ्या टेबलावर परीक्षा आली. शेवटी हॉस्टेलच्या मेसचा मोटर-पंप मोजला आणि प्रोजेक्टच्या नावात 'स्मार्ट' घातलं. एक्स्टर्नल खूश.

ऑस्टिनवासींनी लिहिलंय ना, शहराने माणसं आणि सहकार्य दिलं, तेच हवंय. एक पत्र, 'या मुलांना पंपहाउसवर मीटर लावू द्यावा'.

जुना_वायरमन
बाक, तुझं म्हणणं शंभर टक्के. आता माझं राहिलेलं लिहितो.

महापालिकेच्या विजेच्या बिलात दोन मोठे घास असतात, पाणी उपसणं आणि रस्त्यावरचे दिवे. दिव्यांचं बरंच काम एलईडीने झालंय. पूर्वीचा २५० वॅटचा सोडियम, चोक धरून २८० वॅट, वर्षाला साधारण ४,००० तास जळतो, म्हणजे ११०० युनिटच्या वर. त्याच जागी ११० वॅटचा एलईडी ४४० युनिट. यात संशोधन करायचं काही उरलं नाही, फक्त बंद पडलेला दिवा बदलायचा.

पाण्याचं वेगळं आहे. एक कोटी लिटर पाणी ५० मीटर वर चढवायला निसर्गाचा हिशेब १,३६२ युनिट. त्याहून कमीत कुणाच्या बापाला चढवता येणार नाही. पंप-मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षम असेल तर २,१०० च्या आसपास लागतात. इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजला, व्हॉल्व्ह अर्धवट दाबून ठेवला, आणि ४५ टक्क्यांवर आलं की ३,००० च्या वर. रोज ९३० युनिटचा फरक. आठ रुपये धरले तर वर्षाला २७ लाख. पाणी तितकंच, नळाला दाब तितकाच, तक्रार कुणाचीच नाही. म्हणून कुणाला कळत नाही.

मी आयुष्यभर पाहिलंय, पंप जळला की धावपळ होते. पंप झिजला की काही होत नाही. चालतोय ना, मग हात लावायचा नाही.

तर महापालिकेला पैसे द्यायचेच असतील तर स्वतःच्या पंपांना प्रवाहमापक आणि मीटर लावायला द्यावेत, आणि आकडे दर महिन्याला उघड करावेत. त्याला संशोधन म्हणा, नाही तर म्हशीचं दूध मोजणं म्हणा.

सातारी_कंदी
सांगलीकरांनो, सातारकराचा नमस्कार. विजेवर बोलताय आणि कोयनेचं नावच नाही? १,९६० मेगावॉट!

गावभागकर
कंदीशेठ, धरण तुमच्या जिल्ह्यात, वीजघर सह्याद्रीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात, आणि विसर्ग वाढला की पाणी आमच्या स्वयंपाकघरात. वाटणी बरोबर झालीय.

सातारी_कंदी
😄 पेढे पाठवतो.

गावभागकर
पेढे येईपर्यंत विषयावर लिहितो. वर सगळे बचतीबद्दल बोलतायत. माझ्या मते सांगलीचा खरा विजेचा प्रश्न वेगळा आहे, तो ऑस्टिनला कळणार नाही आणि पुण्यालाही नाही.

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे आम्हाला पाठ आहे, पण त्या वेळी ५७ च्या वर गेलं. आमच्या वाड्याच्या जिन्यात मीटरचा बोर्ड आहे. वडिलांनी २००५ च्या पुरानंतर तो दोन फूट वर घेतला होता. २०१९ ला पाणी बोर्डाच्या लाकडी पट्टीला चार बोटं शिवलं, तो मातकट डाग मी मुद्दाम पुसलेला नाही. वीज दोन दिवस आधीच बंद झालेली. बरोबरच होतं, पाण्यात वीज सोडून चालत नाही.

पण बंद करताना काय होतं बघा. डीपी (गल्ल्यांना वीज वाटणारी रस्त्यावरची पेटी) एक, त्यावर गल्ल्या चार. खालची गल्ली पाण्यात, वरच्या गल्लीत पाणी नाही. वरच्या गल्लीत आजारी माणसं, ऑक्सिजनचं मशीन, मोबाइल बंद, बोट बोलवायची तर फोन कसा करायचा? आणि पाणी उतरल्यावर परत कधी सोडायची? प्रत्येक घर वाळलंय की नाही हे बघून लाइनमन चिखलातून हिंडत असतो. तो माणूस देव आहे, पण त्याच्या हातात कागदावरचा नकाशासुद्धा नसतो.

किती फुटांना कुठली डीपी पाण्यात जाते, कुठल्या क्रमाने बंद करायची, कुठली चालू ठेवता येते, उतरताना कुठल्या क्रमाने सोडायची, याचा अभ्यास व्हायला हवा. पूररेषा महापालिकेकडे, डीपी महावितरणकडे, पाण्याची पातळी पाटबंधारेकडे. तिघांचं एकत्र बसवायला कुणीतरी पैसे द्यायला हवेत ना? याला महापालिकेने अनुदान दिलं तर मी घरपट्टी आगाऊ भरतो.

खड्डेश्वर
आगाऊ घरपट्टी! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जुना_वायरमन
गावभागकर, तुमचा डाग बघायला येईन एकदा. पण याला संशोधन कशाला? डीपीचा ओटा उंच करा, फीडर (डीपीपर्यंत वीज आणणाऱ्या वाहिन्या) वेगळे करा. आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी हे कळत होतं.

गावभागकर
काका, कळत होतं ना? मग झालं का? सगळ्या डीप्या एकदम उंच होणार नाहीत, तेवढा पैसा कुणाकडेच नसतो. आधी कुठल्या दहा, हे ठरवायला तरी आकडे लागतात. शिवाय ५७ फुटांसाठी उंच केलेल्या ओट्यावरचा फ्यूज लाइनमनने रोज शिडी लावून बदलायचा का?

जुना_वायरमन
हा मुद्दा आहे. मागे घेतो. शिडीचा विचार केला नव्हता, गुडघे गेल्यापासून शिडी डोक्यातून गेलीय.

रजनी_विश्रामबाग
मला एका गोष्टीची भीती वाटते, तीही बोलू का? घरोघरी मिनिटामिनिटाचं मोजायचं म्हणजे मी कधी घरात आहे, कधी नाही, हेही कळतं. आम्ही दिवाळीत पंधरा दिवस मुलाकडे जातो. त्या आलेखात फक्त फ्रिजची धडधड दिसेल. तो आलेख कुणाच्या हातात गेला तर?

शेवटचा_बाक
ताई, भीती रास्त आहे. म्हणूनच लोकांची लेखी संमती, नावं काढून टाकणं, हे आधी ठरवावं लागतं. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदाही आहे. पण पंपहाउसला खासगीपणा नसतो. पंप कधी घरी नसतो, हे सगळ्यांना कळलं तरी चालतं.

मिरजतंतू
पंप घरी नसतो तेव्हा मिरजेत पाणी नसतं.

बेदाणा
घरोघरच्या मीटरवरून इथे भांडणं सुरू होण्याआधी, ॲडमिन, तो वेगळा धागा आधीच आहे, ४०० प्रतिसादांचा. कृपया तिकडे.

ऑस्टिनवासी_कुपवाडकर
गावभागकरांचा मुद्दा वाचून इथला एक उलट दाखला आठवला. कोलोरॅडोत बोल्डर नावाचं शहर आहे. २००८ मध्ये तिथल्या खासगी वीज कंपनीने गाजावाजा करून 'स्मार्ट ग्रिड सिटी' जाहीर केली. दीड कोटी डॉलरचा अंदाज साडेचार कोटींच्या घरात गेला. नियामक आयोगाने मोठा भाग ग्राहकांकडून वसूल करू दिला नाही. फायबर टाकलं, मीटर बसवले, पण लोकांनी विचारलं की आमच्या घरात नक्की काय बदललं, तर सांगायला फारसं काही नव्हतं. पुढे शहर आणि कंपनीचं इतकं फाटलं की शहराने स्वतःची वीज कंपनी काढायचं ठरवलं. २०११ पासून भांडण चाललं ते २०२० ला मतदान घेऊन मिटवलं, परत त्याच कंपनीशी.

तिथे यंत्रं आधी आली, प्रश्न नंतर. गावभागकरांकडे प्रश्न आधी आहे. जिन्यात डाग आहे.

लेखाशीर्ष
मग अनुदान द्यायचं तर कसं, ते मी सांगतो, माझा जुना रोग आहे.

एकरकमी नाही. पहिला हप्ता फक्त 'आधीचं रीडिंग' घेण्यासाठी, सहा महिने, एक पावसाळा आत आला पाहिजे. ते आकडे महापालिकेच्या सूचना फलकावर मराठीत लागल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. निवड समितीत अर्जदाराचा पाव्हणा नको, आणि विषय ऐनवेळचा नको, अजेंड्यावर छापून सात दिवस आधी. प्रयोग फसला तरी अहवाल द्यायचा, आणि फसला म्हणून वसुली काढायची नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. आपल्याकडे फसलेला प्रयोग हा लेखा आक्षेप होतो, म्हणून प्रत्येक अहवालात २३ टक्के बचत होते.

शंभरफुटी
लेखाशीर्ष, हे प्रिंट काढून आमराईत वाचून दाखवतो. चहावाल्या मित्रालाही.

मी सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात चकचकीत काही तरी होतं, मोठ्या पडद्यावर नकाशा, हिरवे-लाल ठिपके. तो पडदा सोडतो. पण 'महापालिकेचं हे कामच नव्हे' हे अजूनही पटलेलं नाही. पुराच्या पाण्यातली डीपी आणि झिजलेला पंप या दोन्हीत पहिला फटका महापालिकेच्या हद्दीतल्या माणसालाच बसतो. महावितरणला सगळा महाराष्ट्र सांभाळायचा, ते सांगलीच्या गल्लीसाठी वेगळा अभ्यास का करतील?

रक्कम मात्र कमी करतो. ५० लाख नको. पाच?

खड्डेश्वर
पाच लाखात एक खड्डासुद्धा नीट बुजत नाही, ही माझी अधिकृत हरकत. बाकी मंजूर.

बेदाणा
माझी वही लागली तर देतो. नावं झाकून.

रजनी_विश्रामबाग
थोडं अवांतर, पण विषयातलंच. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. जुना_वायरमन काकांना व्यक्तिगत निरोप पाठवला आणि ते रविवारी खरंच आले, क्लॅम्प मीटर, टेप आणि घड्याळ घेऊन. फी म्हणून दोन कप चहा आणि शेंगाचटणी.

आमची वरची टाकी १० हजार लिटरची, उंची २० मीटर धरली. काकांच्या हिशेबाने निसर्गाला अर्ध्या युनिटच्या जरा वर लागायला हवं. आम्ही टाकी रिकामी करून मोजली. भरायला लागले ७० मिनिटं आणि २.४ युनिट! मग वॉचमन आणि प्लंबर खाली उतरले, फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळीच्या तळाची जाळीदार झडप) वर काढला. जाळी गाळाने आणि कुणाच्या तरी प्लास्टिकच्या पिशवीने गच्च. साफ करून परत लावला. पुन्हा टाकी भरली, ५० मिनिटं, १.७ युनिट.

टाकी रोज दोनदा भरते. वर्षाला ५०० युनिट. खर्च प्लंबरचे ३०० रुपये. आमच्या सोसायटीत हा पंप नऊ वर्षं आहे, आणि त्या नऊ वर्षांत आम्ही लिफ्टच्या दिव्यावरून चार सभा घेतल्या.

जुना_वायरमन
ताई, १.७ सुद्धा जास्तच आहे. पंपच चुकीचा बसवलाय, पण ते पुढच्या रविवारी. चटणी उत्तम होती.

शेवटचा_बाक
काका, आम्ही चौघं येऊ का बरोबर? सर्टिफिकेट नको. रीडिंग आम्ही घेतो, शिडी आम्ही चढतो.

शंभरफुटी
आमची सोसायटी पण घ्या. सहा इमारती, तीन पंप, पैकी एक रात्री रेल्वेसारखा वाजतो.

जुना_वायरमन
घेतो. पण पंपाला हात लावण्याआधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा आणि टाकीची आतली मापं घ्या, बाहेरची नव्हे. मुलांनो, वही जाड आणा. आणि साफसफाई कुणी आधीच करून ठेवू नका, पाहुणे येणार म्हणून.